फोमच्या खड्ड्यातले बूट

दहापैकी

केंडल वोबोरिलला माणसांचे गुण कापायची खोड होती. मनातल्या मनात. समोर येईल त्याला ती आधी पुरते दहा द्यायची आणि तो बोलायला लागला की कापत जायची. पाऊल सरकलं, एक दशांश. गुडघा वाकला, तीन. पडला, तर अख्खा एक. लहानपणी पंचांच्या टेबलासमोर हात वर करून हसत उभं राहायला शिकवलं, तेव्हापासूनची ही खोड. ते आपले कापतात, मग आपण त्यांचे का नाही, इतकं सरळ.

आता ती सतरा वर्षांची होती. जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाच्या शिबिराला जाऊन आली होती, बीमवर तिच्यासारखी दुसरी मुलगी अख्ख्या नेब्रास्का राज्यात नव्हती, आणि तिच्या डाव्या पावलात, कमानीच्या वर जे होडीच्या आकाराचं लहानसं हाड असतं, त्यात चीर होती.

"या हाडाला आधीच रक्त कमी मिळतं," ओमाहाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पडद्यावर हाड होतं आणि हाडात केसाएवढी काळी रेघ. "चीर आरपार गेली की हाड मरतं. मग चाळिशीत काठी लागेल तुला. तीही मी चांगल्या मूडमध्ये आहे म्हणून चाळिशी म्हणतेय." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "पाळी नियमित येते?"

केंडलने आईकडे पाहिलं.

"खेळाडू मुलींना उशिरा येते हो," आई म्हणाली.

"उशिरा म्हणजे? आलीय का अजून?"

आई पर्सचा बंद चाचपायला लागली. डॉक्टरीणबाईंनी उत्तर समजून घेतलं.

"सतरा वर्षांच्या मुलीत म्हातारीची हाडं आहेत ही. हिला पोटभर जेवायला घाला. आणि हा पाय जमिनीवरून उचला. स्क्रू बसवावा लागेल, आणि जितक्या लवकर तितकं बरं. तोवर हा बूट."

बूट गुडघ्यापर्यंतचा, करडा, चिकटपट्ट्यांचा. चालताना टक टक वाजणारा.

आईने गाडी रस्त्यावर आणली. आई, म्हणजे नोरीन, दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे दात साफ करायची आणि उरलेला दिवस पोरीला जिमला नेण्याआणण्यात घालवायची. पोर सहा वर्षांची होती तेव्हापासून हेच.

"नोव्हेंबरपर्यंत कळ काढ," ती म्हणाली. "कॉलेजच्या शिष्यवृत्तीवर सही होऊ दे. एकदा सही झाली की कॉलेजवालेच बघतील तुझा पाय. त्यांच्याकडे मोठमोठे डॉक्टर असतात."

"आणि तोवर?"

"तोवर बूट घाल ना. फक्त जिममध्ये काढायचा."

"उड्या मी जिममध्येच मारते, आई. किराणा दुकानात नाही मारत."

नोरीनने वायपर चालू केले. काच कोरडी ठणठणीत होती.

आईचे तीन दशांश.

पाहुण्या आल्या: असं दिसलं

सप्टेंबरात लाल कॉलेजच्या कोच आल्या. जिममधल्या मुली कॉलेजांची नावं घेत नसत, टोप्यांच्या रंगावरून बोलत. लाल म्हणजे टीव्हीवर दिसणारं. हिरवं म्हणजे चार तासांवरचं, ज्याचं नाव पाहुण्यांना दोनदा सांगावं लागतं ते. दोन्हींनी केंडलला बोलावलं होतं, आणि निवड कुठली होणार हे सगळ्यांनी केंडलला न विचारता ठरवून टाकलं होतं.

कोच प्रुइट घडीच्या खुर्चीत बसल्या. जिम झाडून पुसून लख्ख. पंचवीसेक मुली, खडूची पांढरी पूड हवेत, कुठे एक पट्टी नाही, बर्फाची बादली नाही, कुबडी नाही. केंडल बीमवर चढली. चार इंच रुंदीच्या लाकडावर ती फिरली, उलटली, हवेत गेली, परत त्याच लाकडावर आली. शेवटी दोन पिळे घेऊन उतरली ती खिळा ठोकावा तशी. हात वर. हसू.

"काय पोरी तयार केल्यास, डेल," प्रुइट म्हणाल्या. "एक लंगडी नाही तुझ्याकडे."

"आमच्या भागात दूध चांगलं मिळतं," जिमचा कोच डेल म्हणाला.

दोघंही हसले.

पाहुण्या आल्या: असं होतं

तासभर आधी कोच डेल रासमुसेनने दारात उभं राहून दोनदा टाळी वाजवली होती. "पाहुण्या येतायत. घर आवरा."

हे जिममधल्या प्रत्येक मुलीला कळायचं, अगदी नुकत्या आलेल्या बारक्यांनासुद्धा. जिमच्या टोकाला एक खड्डा होता, पुरुषभर खोल, फोमच्या ठोकळ्यांनी भरलेला. नवी उडी शिकताना डोक्यावर पडलं तरी मान मोडू नये म्हणून. घर आवरायचं म्हणजे बूट, कुबड्या, मनगटाचे पट्टे, कमरेचे पट्टे, गरम-थंड पिशव्या, सगळं त्या खड्ड्यात टाकायचं आणि वर ठोकळे पसरायचे. मुली एका रांगेत यायच्या आणि आपापलं दुखणं टाकून जायच्या. टेगनने मनगटाचा पट्टा टाकला. केंडलने बूट टाकला.

मग ती बीमवर चढली. उतरताना पाय टेकले तेव्हा त्या होडीच्या हाडात कुणीतरी पाचर ठोकली. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं, नि ते खडूमुळे नव्हतं. ती हसली. हसू हा कसरतीचाच भाग असतो. त्याचा सराव वेगळा करावा लागत नाही, दुखण्याबरोबर आपोआप होतो.

प्रुइटबाई गेल्यावर मुली खड्ड्यात उतरल्या आणि कमरेपर्यंत ठोकळ्यांत बुडून आपापल्या वस्तू चाचपू लागल्या. बूट सगळे सारखेच. केंडलच्या हाती आधी दुसऱ्याच कुणाचा तरी आला, उजव्या पायाचा, तिच्याहून लहान मापाचा. तो बराच वेळ तिच्या हातात राहिला.

"झकास," डेल वरून म्हणाला. "आणि खोटं कोणी बोललं का? त्यांनी विचारलं काही? नाही विचारलं. मग?"

डेलचा अख्खा एक.

हिरवा

ऑक्टोबरात मका कापून झाला होता, शेतं उघडी पडली होती. केंडलने धान्याच्या कोठारामागे गाडी लावली आणि आईला, डेलला, कुणालाही न विचारता हिरव्या कॉलेजच्या कोच क्विंतेरोंना फोन केला. डॉक्टरीणबाई जे जे म्हणाल्या ते सगळं सांगितलं. हाड, चीर, स्क्रू. पाळीचंही सांगितलं, आवाज घट्ट करून.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे सांग म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"थांब जरा. बसू दे मला." खुर्ची कुरकुरली. "बरं. तुमच्याकडे कुठे टाकतात? खड्ड्यात?"

"काय?"

"बूट गं. आम्ही व्हॉल्टच्या उडीच्या गाद्यांखाली सरकवायचो. मी तर एकदा प्लास्टरसकट हात मागे लपवून उभी होते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आम्ही सगळ्या तिथूनच आलोय, पोरी. ज्या जिममध्ये एकही बूट दिसत नाही, त्या जिममध्ये ते कुठे आहेत एवढंच बघायचं असतं." मग त्यांचा आवाज बदलला. "आता ऐक. मी तुला घेऊ शकत नाही. जागा एकच उरलीय, आणि मला त्या जागेवर उतरू शकेल अशी मुलगी हवी. तू आत्ता तशी नाहीस. तुला गोड लागेल असं काही सांगत नाही."

"बरं."

"स्क्रू घाल. जेव. वर्षभर माणसासारखी चाल. मग फोन कर. घेईनच असं नाही म्हणत. फोन उचलीन. पण आधी तो पाय तिथून काढ."

फोन बंद झाल्यावर केंडलने स्टिअरिंगवर इतक्या जोरात हात मारला की हॉर्न वाजला आणि कोठारावरची कबुतरं उडाली. खरं बोलून पाहिलं, तर हे. तिने कोच क्विंतेरोंचे गुण कापायला घेतले. कुठे कापावेत ते सापडेना. आजवर तिला तोंडावर 'नाही' म्हणणारं हे पहिलंच माणूस होतं. त्याचाच तिला जास्त राग आला. घरी पोचेपर्यंत मात्र त्या रागाने तोंड फिरवलं.

सगळ्या तिथूनच आलोय. सगळ्या.

म्हणजे प्रुइटसुद्धा.

लाल

"कोच प्रुइट, माझ्या पायात चीर आहे."

"केंडल? मी गाडी चालवतेय."

"बाजूला घ्या."

"पोरी, हे मी ऐकलं नाही."

"परत सांगते."

"नको सांगूस. शहाणी आहेस, म्हणून एकदाच समजावते. तुझं काही दुखत नाही असं मला वाटतं. ज्या दिवशी दुखतंय असं मला कळेल, त्या दिवशी मला आमच्या डॉक्टरांना सांगावं लागेल, आणि डॉक्टर नाही म्हणतील. म्हणून मला कळत नाही. आलं लक्षात?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"मला तू बीमवर तीन वर्षं हवीस. चौथं मिळालं तर देव पावला."

"आणि नंतर?"

"नंतर तुझ्याकडे पदवी असेल. पाय कुणाचे धड राहतात? माझे राहिलेत?"

"कोच डेलना माहीत आहे का, की तुम्हाला माहीत आहे?"

"डेलची नि माझी जुनी ओळख. आम्ही न बोलता पुष्कळ बोलतो. बुधवारी सहीच्या वेळी टोपी घाल, छान हस. आईला विचारलंय म्हणून सांग."

मधेच

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. केंडलची खरोखरच तळपायातून निघाली.

इतकी वर्षं तिला वाटत होतं की घर आवरायचं ते पाहुण्यांना फसवायला. लबाडी होती, पण निदान कुणीतरी फसत तरी होतं. इथे कुणीच फसत नव्हतं. खुर्चीत बसणाऱ्याला ठाऊक, टाळी वाजवणाऱ्याला ठाऊक, गाडी चालवणाऱ्या आईला ठाऊक. खड्डा होता तो सगळ्यांना नंतर नामानिराळं राहता यावं म्हणून. कुणाचं हाड मेलं तर प्रत्येकाने गालावर हात ठेवून म्हणायचं, अरेरे, आम्हाला काही कल्पनाच नव्हती. आणि ज्या मुलींची हाडं होती, त्यांनीच ती आपल्या हातांनी त्यात टाकायची.

तिने गुण कापायला घेतले आणि सोडून दिले. शून्याच्या खाली जायची सोय नव्हती.

टेगन

"तू गप्प बसणार आहेस," टेगन म्हणाली. दोघी कपडे बदलायच्या खोलीत होत्या. टेगन केंडलबरोबरच वाढली होती. एकमेकींच्या हातांचे फोड त्या एकमेकींना फोडून द्यायच्या.

"त्यांना माहीत आहे, टेगन. सगळ्यांना."

"मग? मला वाटलं तू काहीतरी नवीन सांगणार."

"तुलाही माहीत होतं?"

"ए बाई, सगळ्यांना माहीत होतं. तूच एक बावळट, तुला वाटायचं आपण गुप्तहेर आहोत." टेगनने दातांनी मनगटाची पट्टी घट्ट केली. "पुढच्या वर्षी माझा नंबर. लालवाल्या मला बघायला येणारेत. तू तोंड उघडलंस तर या जिममध्ये पुन्हा कोणी पाऊल ठेवणार नाही. तुझं ठीक आहे, तुला देवाने बीम दिलाय. मला मेहनतीशिवाय काही नाही दिलं."

"हात बघू तुझा."

"नाही दाखवत."

"मूठ वळ. नुसती वळून दाखव."

टेगनने पिशवी उचलली आणि ती गेली. डाव्या हाताने उचलली. एरवी ती सगळं उजव्या हाताने करायची.

टोप्या

बुधवारी सहीसाठी जिममध्ये लांब टेबल मांडलं. लाल फुगे. चर्चमधल्या बायकांनी कोलाचे नावाचे गोड पाव करून पाठवले होते, मधोमध जर्दाळूचा नि आलुबुखाऱ्याचा मुरंबा भरलेले, गोल, मऊ. अशा दिवशी मुलींना त्यांचा वास घ्यायची मुभा असायची. टेबलावर दोन टोप्या. लाल ठेवलेली होती ती घालायला, हिरवी ठेवलेली होती ती न घालायला. दर वर्षी असंच. ठरलेलं असतं, तरी मुलगी आधी एका टोपीकडे हात नेते, लोक ओरडतात, मग दुसरी उचलते. नोरीन नवा ब्लाउज घालून ताटाजवळ उभी. डेलने फोन तिकाटण्यावर लावला होता आणि तो फोन हे सगळं जगाला दाखवत होता.

"लालवाल्या कोच पण बघतायत बरं का," डेल फोनकडे पाहून म्हणाला. "सगळ्यांनी नीट बसा. केंडल कुठाय?"

टक. टक. टक.

सगळ्यांनी मागे पाहिलं. केंडल बूट घालून येत होती. दारातून सरळ, निळ्या गालिच्यावरून, जिथे बूट घालून पाऊल टाकलं तर बारक्या मुलींना हात वर करून कोपऱ्यात उभं करतात. ती आली, खुर्चीत बसली आणि डावा पाय उचलून बुटासकट टेबलावर ठेवला. टोप्यांच्या मधोमध. एक फुगा फुटला. कुणीच हसलं नाही.

"केंडल," डेल हळू म्हणाला, "घर आवर."

"नाही आवरत."

"पाय खाली घे, राणी," नोरीन म्हणाली. "लोक बघतायत."

"म्हणूनच ठेवलाय." ती फोनकडे वळली. हसली नाही. "मी केंडल वोबोरिल. हा माझा डावा पाय. यातलं एक हाड चिरलंय. या पायावर मी सगळ्या उन्हाळाभर उतरलेय. मी नीट जेवत नाही, म्हणून हाडं कच्ची राहिलीत, हे डॉक्टरांनी माझ्या आईसमोर सांगितलंय. कोच डेलना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. कोच प्रुइट, तुम्हाला फोनवर सांगितलं, तुम्ही म्हणालात ऐकलं नाही. आता ऐकलंत. सगळ्यांच्या देखत ऐकलंत. या पायासकट मी हवी असेन तर सांगा, मी लाल टोपी घालते."

डेल फोनकडे धावला, तो ओढून हातात घेतला आणि त्याने प्रक्षेपण बंद केलं. त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. "कळतंय का तुला काय केलंस? मी तुला शून्यातून उभी केली."

"उभीच करत होतात, कोच. बसू कधी दिलंत?"

तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला. डेल पाठ करून ऐकत राहिला. "हो," म्हणाला. "हो. अर्थात. समजू शकतो मी." मग फोन खिशात टाकून तो वळला, आणि आता त्याला तिच्याकडे पाहणं सोपं झालं होतं. "कोच प्रुइटना फार मोठा धक्का बसलाय. त्यांना कल्पनाच नव्हती. अशा परिस्थितीत जागा देता येणार नाही म्हणाल्या."

"धक्का बसलाय," केंडल म्हणाली.

"असं म्हणाल्या."

"बिचाऱ्या."

नोरीनच्या हातातलं ताट कलंडलं होतं, कोलाचे एका कडेला गोळा झाले होते. "अकरा वर्षं, केंडल," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी दुसरं काही केलं नाही."

"माहीत आहे, आई."

"आता काय करायचं आपण?"

"सोमवारी स्क्रू. मी फोन केलाय डॉक्टरीणबाईंना. कुणीतरी मोठं सही करायला लागतं." केंडलचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "ती सही तू कर. ती एक कर."

नोरीनने लाल टोपी उचलली, उगाच तिच्यावरची धूळ झटकली, परत ठेवली. मग ब्लाउजच्या बाहीने नाक पुसलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागली.

केंडलने ताटातला आलुबुखाऱ्याचा एक कोलाचा घेतला. डेलच्या डोळ्यांत बघत खाल्ला, सावकाश, सगळा, बोटांवरचा मुरंबा चाटून. मग दुसरा घेतला आणि तो तोंडात धरूनच ती टक टक करत जिमच्या टोकाला गेली, खड्ड्याच्या कठड्यावर बसली आणि आत घसरली.

पहिल्यांदा वर आला तो एक बूट. निळ्या गालिच्यावर धप्प पडला. मग कुबडी. मग कमरेचा पट्टा, मग आणखी एक बूट, उजव्या पायाचा, लहान मापाचा. ती बघत नव्हती, नुसती चाचपून फेकत होती, आणि फोमचे ठोकळे तिच्याभोवती उसळत होते. आज सकाळी घर पुन्हा आवरलेलं होतं, त्यामुळे माल भरपूर होता.

"बाहेर ये," डेल ओरडला. "सगळ्यांनी जागेवर बसा. कोणी उठायचं नाही."

कोणी उठलं नाही. मुली मांडी घालून बसल्या होत्या, पाठी ताठ, शिकवल्यासारख्या. आपली वस्तू गालिच्यावर पडली की जिची तिची मान खाली जायची, एवढंच. केंडलला त्यांचाही राग आला. त्यांच्या ताठ पाठींचा, त्यांच्या गोड वेण्यांचा. सगळ्यांत जास्त तो या गोष्टीचा, की गेल्या बुधवारी तीही अशीच बसली असती.

हाताला मनगटाचा पट्टा लागला. टेगनचा. आतल्या बाजूला वर्षभराचा घाम वाळून पांढरा झालेला. तो तिने फेकला नाही. छातीपर्यंत फोममध्ये बुडालेली ती तशीच उभी राहिली, पट्टा वर धरून.

टेगन तिच्याकडे बघत नव्हती. दातओठ खात समोरच्या भिंतीकडे बघत होती. "हलकट आहेस तू," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझं वाटोळं केलंस."

मग ती उठली. निळ्या गालिच्यावरून, पडलेल्या बुटांमधून वाट काढत खड्ड्याच्या काठापर्यंत आली, आणि भिंतीवरची नजर न हलवता तिने आपला उजवा हात पुढे केला. तो सुजून मनगटाशी दंडाएवढा झाला होता. बोटं वळत नव्हती.

"बांध," टेगन म्हणाली. "घट्ट नको."